धावपळीतून हातानं केलेली शुभेच्छापत्रं : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखी जवळ आली, दिवाळी जवळ आली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही गुहागर-दापोलीकडून, काही मालवण-कुडाळकडून, आणि बरेचसे मुंबईत राहून गावच्या माणसांना कार्ड पाठवू पाहणाऱ्यांकडून. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं इथली दमट हवा, इथले सण आणि इथले कामाचे दिवस धरून लिहिली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपल्या अडचणीचा प्रश्न शोधा.

१. मला चित्र काढता येत नाही. तरी कार्ड करता येईल का?

येईल. कार्डाला चित्रकार लागत नाही. सरळ कापणारा हात हवा आणि मनापासून चार ओळी लिहायची तयारी हवी. जाड कोरा कागद, त्यावर घोटीव कागदाची एक रंगीत पट्टी किंवा एखादं वाळवलेलं पान, आत तुमच्या अक्षरातला मजकूर, एवढ्यानं कार्ड होतं. हात अगदीच धजत नसेल तर भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापा, पोस्टर रंगात टेकवा आणि कागदावर ठसा उमटवा. पाच पाकळ्यांचं फूल तयार.

अक्षर चांगलं नाही म्हणून काही जण आत छापील मजकूर चिकटवतात. तेवढं मात्र करू नका. पाकीट उघडणारा माणूस आधी अक्षर ओळखतो, नक्षी नंतर बघतो.

२. सकाळी डबे, मग आठची एसटी, संध्याकाळी आल्यावर पुन्हा स्वयंपाक. कार्डं करायची कधी?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका बैठकीत एक कार्ड पुरं करायला बसूच नका. एका दिवशी एकच काम घ्या. आज फक्त कागद कापायचे, उद्या फक्त घड्या पाडायच्या, परवा पट्ट्या चिकटवायच्या. प्रत्येक वेळी सामान काढणं आणि आवरणं यातच निम्मा वेळ जातो, तो असा वाचतो. शिवाय काम मध्येच सोडून उठावं लागलं तरी बिघडत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दहा-बारा घड्या सहज होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे महिना निवडणं. एप्रिल-मे आंब्याचा आणि पाहुण्यांचा, पाठोपाठ आगोटीची भरणी, मग पाऊस आणि गणपती. या दिवसांत नवीन काम काढू नये. तुळशीचं लग्न आटोपल्यापासून साधारण फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी असते आणि त्यातल्या त्यात उसंतही असते. वर्षाची कोरी कार्डं तेव्हाच करून डब्यात ठेवा. बाहेरची सजावट आधी झालेली आणि आतली बाजू मोकळी. वाढदिवस, बारसं, राखी आलं की डबा उघडायचा आणि फक्त लिहायचं. ज्याच्यासाठी कार्ड आहे त्याचा विचार त्या लिहिण्याच्या पाच मिनिटांत करायचा असतो. कागद कापताना तो नसला तरी चालतो.

हे वाचून कुणाला वाटेल की ही पळवाट झाली. पण छापील नाताळ कार्डाचा जन्मच वेळेच्या टंचाईतून झाला आहे. लंडनमधले सरकारी अधिकारी हेन्री कोल यांना नाताळात प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिणं जमेना, म्हणून १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि कार्डं छापली. खाली नाव लिहिण्यापुरती जागा मोकळी होती. आपण त्यांच्याही पुढे एक पाऊल जाऊ शकतो. चित्र आधी करून ठेवायचं, पण मजकूर प्रत्येकाला वेगळा.

३. सुरुवातीला काय काय विकत घ्यावं?

कमीत कमी. कार्डशीटचे चार-पाच ताव, स्टीलची पट्टी, कटर, कात्री, गोंदाची कांडी, दोन्हीकडून चिकटणारी टेप, घोटीव कागद, पाकिटं. हे सगळं तालुक्याच्या ठिकाणच्या स्टेशनरीत मिळतं. जरा वेगळे कागद हवे असतील तर मुंबईहून येणाऱ्या घरच्या माणसाला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर चक्कर मारायला सांगा. पुण्याला कुणी जात असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत हातकागद मिळतो. चमकी, मोती, तयार फुलं यांच्या पाकिटांवर सुरुवातीला पैसे घालवू नका. बहुतेक घरांत ती तशीच पडून राहतात. खारी हवा कात्रीला लवकर गंजवते, तेव्हा काम झालं की पात्यांवर खोबरेल तेलाचं बोट फिरवून पुसून ठेवा.

४. कागद किती जाड घ्यावा? माप कुठलं ठेवावं?

दुकानात ‘जीएसएम’ विचारा. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो, तो उभा राहत नाही. कार्डाला २०० ते २५० चा बरा. ३०० च्या वरचा घडीवर फुटायला लागतो.

मापाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : लहान कार्ड करा. ए-४ कागद मधोमध कापला की दोन ए-५ मिळतात. त्या प्रत्येकाची घडी घातली की पोस्टकार्डाहून थोडं मोठं कार्ड होतं, साधारण १०५ बाय १४८ मिलिमीटर. सी-६ मापाच्या पाकिटात ते नीट बसतं. एका तावात दोन कार्डं होतात, सजावटीला कमी जागा उरते म्हणून वेळ वाचतो, आणि पोस्टाचं वजनही आटोक्यात राहतं (त्याचा हिशेब प्रश्न १४ मध्ये आहे).

५. घडी वाकडी येते, आणि कडेला कागद फुटल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

दोन कारणं असतात. एक, घडी थेट बोटांनी पाडली जाते. त्याआधी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलने रेघ दाबून घ्या आणि मग दुमडा. दुसरं कारण कागदाच्या धाग्याचं. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला असतात. कागद न दुमडता आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्याच बाजूने घडी घाला. उलट्या बाजूने घातली की कड फुटणारच. हातकागदाला ही अडचण फारशी येत नाही.

६. पावसात गोंद वाळत नाही, कार्डं वाकतात, बुरशी धरते. जून ते सप्टेंबर काम बंदच ठेवायचं का?

बंद ठेवायला नको, पण पद्धत बदलावी लागते.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद त्यातलं पाणी उडालं की धरतो. हवेतच पाणी भरलेलं असताना ते उडणार कुठे? वर ओलाव्याने कागद फुगतो आणि वाकतो. म्हणून पावसाळ्यात गोंदाची कांडी किंवा टेप वापरा. पांढरा गोंद लागलाच तर टाचणीच्या टोकाने, ठिपक्यांपुरता. चिकटवून झालं की कार्ड दोन कोऱ्या कागदांत घालून जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. वाकलेलं कार्ड सरळ करायचं असेल तर वर साधा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, वाफ न सोडता. चमकी किंवा प्लॅस्टिक असलेल्या भागावर इस्त्री नको.

घरगुती मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिच्या वासाने झुरळं आणि कसर येतात. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. मात्र मोरचूद विषारी आहे, मुलांचा हात लागणाऱ्या कामात तो नको.

साठवणीला फराळाचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम. नवीन चपला-पिशव्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यात टाका, आणि सोबत कडुनिंबाचा वाळका पाला पुरचुंडीत बांधून. डबा भिंतीला टेकवून ठेवू नका. ऊन पडेल त्या दिवशी कार्डं तासभर काढून पसरा, पण थेट उन्हात नाही, रंग उडतो. एकदा बुरशीचे ठिपके पडलेला कागद पुसून वापरू नये, तो बाकीच्या गठ्ठ्यालाही लावतो.

७. दारातली फुलं-पानं लावायची आहेत. वाळवल्यावर काळी पडतात.

कुठलं फूल घेतलं यावर निम्मं काम अवलंबून आहे. मोगरा, अनंत, सोनचाफा कितीही जपा, तपकिरी होतात. बोगनवेलीची रंगीत पानं मुळातच कागदासारखी असतात आणि रंग बऱ्यापैकी धरतात. झेंडूचं अख्खं फूल जाड पडतं, सुट्या पाकळ्या चालतात. नेच्याचं पान फार देखणं वाळतं. आंब्याचं जून पान मात्र टाळा, घडीजवळ आलं की तडकतं.

फूल दव उतरल्यावर, ऊन चढायच्या आत खुडा. जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर वजन ठेवा, आणि पहिले चार दिवस कागद रोज बदला. कागद न बदलणं हेच काळं पडण्याचं मुख्य कारण. हिवाळ्यात आठवडाभरात काम होतं, पावसात त्याच्या दुप्पट वेळ धरा.

वाळवण्याची गरजच नसलेली एक गोष्ट पावसात फुकट मिळते. गडग्यावर, विहिरीच्या कठड्यावर एक नेचं उगवतं. त्याचं पान उलटलं की खाली पांढरी भुकटी दिसते. लहानपणी मनगटावर थापून सगळ्यांनी त्याची नक्षी उमटवलेली आहे. तेच पान काळ्या किंवा गडद निळ्या कार्डशीटवर भुकटीची बाजू खाली करून ठेवा, वर कागद धरून एकदाच दाबा आणि सरळ वर उचला. शिरा-शिरांसकट पान उमटतं, कडेचे बारीक दातेसुद्धा. भुकटी हाताने पुसली जाते म्हणून वर बटर पेपरची झडप लावा. कार्ड उघडणाऱ्याने झडप उचलायची आणि ते पान बघायचं, यापरती सजावट मला तरी ठाऊक नाही.

दसऱ्याच्या कार्डाला खरं आपट्याचं पान लावण्यापेक्षा त्याचा ठसा घ्या. एका पानात पंचवीस कार्डं होतात, झाड ओरबाडावं लागत नाही.

८. किनाऱ्यावरचे शिंपले, वाळू, पोवळ्याचे तुकडे लावले तर?

साध्या लहान शिंपल्या चालतात. गोड्या पाण्यात दोन दिवस बुडवून, पाणी बदलून, पूर्ण वाळवून मग लावा, नाहीतर मिठामुळे त्या कायम ओल धरतात आणि कार्डाला डाग पाडतात. वाळूचंही तसंच.

पोवळी आणि समुद्रपंखे यांना हात लावू नका, वाहून आलेले असले तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहेत, काही मोठे शंखही. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिंपली पोस्टात चेंगरते हेही लक्षात घ्या. अशी कार्डं हातोहात द्यायलाच बरी.

९. हळदीने, कोकमाने रंगवता येतं का?

येतं, थोडा विचार करून. हळदीचा पिवळा सुंदर उठतो, पण उजेडात लवकर फिका होतो. चुन्याची निवळी लागली की त्याच हळदीचा लाल होतो, मुलांना हा खेळ फार आवडतो. कोकमासाठी सोलं साध्या पाण्यात भिजवा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरू नका, त्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ड चिकट राहतं. जपून ठेवायच्या कार्डांना हे रंग नकोत, तिथे दुकानातले जलरंग घ्या.

१०. वारली किंवा चित्रकथीची नक्षी काढली तर चालेल?

घरच्या माणसांसाठी आवडीने काढताय तर जरूर काढा, पण ती कुणाची आहे हे कार्डाच्या मागे एका ओळीत लिहा. वारली चित्रकला पालघर-डहाणूकडच्या वारली समाजाची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, ही तिची मूळ रीत. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीची गंजिफा हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची, दशावतारी संचात दहा अवतारांचे १२० पत्ते असतात. गोल कार्डाची कल्पना तिच्यावरून घेता येते.

विकायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे या कलाकारांकडूनच चित्रं घ्यावीत, नकलून विकू नयेत असं माझं ठाम मत आहे.

११. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग आहे. वापरू का?

जरूर. कोरी बाजू, सोनेरी किनार, आतला पातळ कागद, सगळं उपयोगी पडतं. गणपतीचं चित्र कात्रीने कापताना अनेकांना संकोच वाटतो. तो भाग अख्खा ठेवून दुसऱ्या मंगल कार्डावर लावावा. पत्रिकेतलं नाव किंवा तारीख कुठे डोकावत नाही ना, हे मात्र तपासा.

१२. आत काय लिहावं सुचत नाही. ‘हार्दिक शुभेच्छा’च्या पुढे पेन जात नाही.

त्या माणसाशी जोडलेली एक खरी गोष्ट लिहा, बस. ‘आत्ये, मे महिन्यात तुझ्याकडे खाल्लेल्या फणसाच्या सांदणांची अजून चव आहे. दिवाळीला येतोय, चार दिवस राहायला.’ यात शुभेच्छा शब्दही नाही, आणि आत्या हे कार्ड कपाटात ठेवील. कवितेच्या ओळी उतरवून काढायची गरज नाही. आधी रफ कागदावर लिहून घ्या. तीन ते पाच ओळी पुरतात.

मायन्यात घोळ होतो म्हणून थोडक्यात : मोठ्यांना ‘सा. न. वि. वि.’, बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, लहानांना ‘चि.’ आणि शेवटी ‘अनेक आशीर्वाद’. आई-वडिलांना ‘ती.’. नवरा नसलेल्या बाईंना जुन्या पद्धतीची बिरुदं लावण्यापेक्षा ‘प्रिय मावशी’, ‘ती. काकी’ असं नात्यानेच लिहावं. शेजारच्या कोकणी मुसलमान घरात ईदचं कार्ड देताना ‘ईद मुबारक’ पुरे, तारीख घालू नका, कारण ती चंद्रदर्शनावर ठरते.

१३. ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलं आहे, त्यांना दिवाळीचं कार्ड पाठवावं का?

शुभेच्छांचं नको. आपल्याकडे बऱ्याच घरांत पहिलं वर्ष सण करत नाहीत. त्या दिवसांत दिव्यांची चमचमती कार्डं आली की घरच्यांना उलट अवघडतं. पण म्हणून काहीच न पाठवणंही बरोबर नाही. पहिला सण असतो आणि फोन कमी येतात. कोरं, साधं कार्ड घ्या, वर काही नको. आत गेलेल्या माणसाची तुमची एक आठवण आणि ‘दिवाळीनंतर भेटायला येतो’ असं काही. आणि जे लिहाल ते करा.

याच्याशी जोडलेली एक खबरदारी. वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडायची जुनी रीत आहे. तेव्हा मंगल कार्डाचा एकच कोपरा कापण्याची नक्षी करू नका. वयस्कर माणसांच्या छातीत धस्स होतं.

१४. पोस्टात तिकीट किती लावायचं? कार्ड जड झालं तर?

साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, असा दर धरून हिशेब करा. दर बदलत असतात, खिडकीवर विचारून घ्या. २५० जीएसएमचा अख्खा ए-४ ताव साडेपंधरा ग्रॅमचा. त्याची घडी घालून मोठं पाकीट केलं की वजन वीसच्या पुढे जातं. त्याच तावाच्या अर्ध्यातलं लहान कार्ड आठ ग्रॅमच्या आत, पाकीट तीन-चार ग्रॅमचं. सजावटीला आठ ग्रॅम हातात राहतात. घरी काटा नसेल तर सोनाराकडे किंवा पोस्टातच एक नमुना तोलून घ्या. तिकीट कमी पडलं तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याला भरावी लागते. भावाला राखीचं पाकीट असं मिळू नये.

राखी, मोती यांसारखा उंचवटा असेल तर वर कार्डशीटचा एक तुकडा ठेवा, शिक्का जोरात बसतो. पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट करा. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे.

१५. गावच्या पत्त्यावर पाठवलेलं कार्ड पोचत नाही, किंवा पत्ता पावसाने पुसून जातो.

गावाच्या नावावर थांबू नका. आपल्याकडे एका गावाच्या दहा वाड्या आणि एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं. नाव वडिलांच्या नावासकट, मग वाडी, मु. पो., तालुका, जिल्हा, पिन, आणि मोबाइल नंबर. पिनकोड ज्या पोस्टातून टपाल वाटलं जातं त्याचा हवा, शेजारच्या बाजारपेठेचा नाही.

पत्ता जेल पेनाने किंवा स्केचपेनने लिहू नका, पाण्याने फुटतात. साधं बॉलपेन टिकतं. लिहून झाल्यावर पत्त्यावरून मेणबत्ती घासा. मेणाचा पातळ थर बसतो आणि पाणी ओघळून जातं. तिकिटाची जागा सोडा, मेणावर ते चिकटत नाही.

१६. मुलं मध्ये येतात आणि सगळं विस्कटतं.

त्यांना खरं काम द्या. ठसे उमटवणं (प्रश्न १) आणि नेच्याची नक्षी (प्रश्न ७) पाच वर्षांचं मूलही करतं. कटर आणि इस्त्री मोठ्यांकडे. आजीला जाणाऱ्या कार्डावर मुलाने एक ओळ स्वतः लिहावी, चुका सुधारू नका.

१७. परदेशात कार्ड पाठवताना काय टाळावं?

बिया, सुकी फुलं-पानं, शिंपले, पिसं. कितीतरी देशांत वनस्पती आणि प्राण्यांपासूनच्या वस्तू तपासणीत अडवतात, आणि मोरपीस तर भारतातूनच बाहेर नेता येत नाही. कागद आणि रंगांवर भागवा.

१८. सण होऊन गेला आणि कार्ड राहून गेलं. आता पाठवणं बरं दिसेल का?

बऱ्याच सणांना आपल्या रीतीतच मुदत आहे. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात, तेव्हा संक्रांतीचं कार्ड तोवर जाऊ शकतं. दिवाळीचं तुळशीच्या लग्नापर्यंत चालवून घेतात. त्याहून उशीर झाला तर सणाचं नाव काढून टाका आणि कोऱ्या कार्डांपैकी एक घेऊन साधं पत्र लिहा. वाढदिवस चुकला असेल तर सबबी सांगत बसू नका, ‘उशीर झाला’ एवढं लिहून पुढे प्रश्न १२ प्रमाणे. आणि पाकिटावर आजच तिकीट लावा. लिहून तयार असलेली कितीतरी कार्डं केवळ तिकिटावाचून टीव्हीच्या मागे पडून राहतात.